घटस्फोटाची नक्कल काढायला एजंट कशाला?

कळव्यापासून नेरूळपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. घटस्फोट झाला की महापालिकेतून ‘डिव्होर्स सर्टिफिकेट’ काढा. कोर्टाची प्रत एकदाच मिळते, हरवली की संपलं. वकिलाशिवाय अर्ज घेत नाहीत. म्हणून माहिती अधिकारात १० रुपयांत मागवा, नाहीतर वेबसाइटवरची प्रिंट नोटरी करून घ्या. यातलं एकही विधान धड नाही. आधीच पिचलेल्या बायका यावर विश्वास ठेवून एजंटला पैसे मोजतात, ते मला बघवत नाही.

महापालिकेचं आधी. वॉर्ड ऑफिसात लग्नाची नोंद होते. घटस्फोट न्यायालय देतं, आणि त्याचा पुरावा म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजेच डिक्री. दुसरं सर्टिफिकेट शोधत फिरू नका.

प्रत एकदाच मिळते? हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २३(४) नुसार हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही न्यायालयानं मोफत द्यायची असते. कित्येकांना हेच ठाऊक नसतं. पुढे हरवली, फाटली, जास्तीची हवी झाली, तर फी भरून पुन्हा काढता येते. ज्या कोर्टानं निकाल दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करायचा. दावा ठाण्यात चालला असेल तर ठाण्यात, बेलापूरला चालला असेल तर बेलापूरला. केस नंबर सापडत नसेल तर जुनं समन्स किंवा नोटीस काढून बघा, त्यावर असतो.

वकिलाच्या अटीचा तर मला रागच येतो. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ चं कलम १३ सांगतं की तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्कसुद्धा नाही. जिथे दावाच स्वतः चालवता येतो, तिथे नकलेच्या अर्जाला वकील कशाला लागेल? ओळखपत्र घेऊन स्वतः जा. परवानगीचा प्रश्न येतो तो तिऱ्हाइताला, तुम्हाला नाही.

माहिती अधिकाराची वाट सर्वोच्च न्यायालयानंच मार्च २०२० मध्ये बंद केली. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात त्यांनी स्पष्ट केलं की न्यायालयीन कागदांच्या प्रमाणित प्रती, म्हणजे सही-शिक्क्याच्या नकला, न्यायालयाच्या नियमांनीच मागायच्या.

राहिली प्रिंट. ती वाचायला ठीक. प्रमाणित प्रत तोच अधिकारी देऊ शकतो ज्याच्या ताब्यात मूळ कागद आहे. नोटरीच्या ताब्यात तो नसतो. हातात आलेली नक्कल उलटून बघा: अधिकाऱ्याची सही, कोर्टाचा शिक्का, आणि अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली या तारखा. दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला, पासपोर्टला, परदेशात वापरायला लागते ती ही प्रत.

अर्जात नुसतं ‘डिक्री’ लिहून थांबू नका. निकालपत्रही मागा. परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर संमती अटींची प्रतही वेगळी लिहून मागा, कारण मुलांचा ताबा आणि पोटगीचं ठरलेलं बऱ्याचदा त्यातच असतं.