सगळ्याला ‘व्यापारबंदी’ म्हणणं आता थांबवा!

एखाद्या देशाने आयातशुल्क वाढवलं की मथळा ‘व्यापारबंदी’. दुसऱ्याने चार कंपन्यांची बँकखाती गोठवली, तरी ‘व्यापारबंदी’. लोकांनी आपणहून कुणाचा माल घेणं सोडलं, कुणी युद्धनौका आणून बंदराचं तोंड अडवलं, कुणी स्वतःचंच धान्य बाहेर जाऊ दिलं नाही, सगळ्याला तोच एक शब्द! आणि जरा भारदस्त वाटावं म्हणून मध्येच व्यापारबंदीचा इंग्रजी शब्द ‘एम्बार्गो’ पेरायचा. रोज वाचतो आणि रोज डोकं फिरतं. चूक दाखवली की ठरलेलं उत्तर येतं, शब्दांचा कीस कशाला पाडता, मतलब कळला ना? नाही कळला! कुणी, कुणाचं, काय अडवलं हेच कळलं नाही, तर त्या बातमीत उरलं काय?

एम्बार्गो हा शब्द मूळचा स्पॅनिश. ‘एम्बार्गार’ म्हणजे अडवून धरणं, जप्त करणं. त्याच्या मुळाशी ‘बार्रा’ आहे, म्हणजे आडवा दांडा. दाराला आतून लावतात तो अडसर. पण स्पॅनिशमध्ये जहाजाला ‘बार्को’ म्हणतात एवढं कुठेतरी वाचलेलं असतं आणि ‘एम्बार्गो जहाजावरून आला’ असं बिनधास्त ठोकून दिलं जातं. जहाजांशी त्याचा संबंध आहे, खूप जुना आहे, पण तो वापरातून जडलेला आहे, व्युत्पत्तीतून नाही. स्पेनमध्ये आजही न्यायालयाने कर्जदाराच्या घरावर जप्ती आणली की तिला एम्बार्गोच म्हणतात. म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ ‘विकणार नाही’ असा नव्हताच. ‘पकडून ठेवा’ असा होता.

मे १५८५ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने आपल्या बंदरांतली इंग्लिश आणि डच जहाजं अडकवण्याचा हुकूम काढला. माल, तोफा, खलाशी, सगळं ताब्यात घ्यायचं. ‘प्रिमरोज’ नावाचं लंडनचं जहाज बिल्बाओजवळ या सापळ्यातून लढून निसटलं आणि जाताना राजाच्या स्थानिक अधिकाऱ्यालाच घेऊन गेलं. त्याच्याजवळ तो हुकूम लेखी सापडला. त्याच वर्षी पेटलेलं इंग्लंड-स्पेन युद्ध १६०४ पर्यंत चाललं. याच काळाच्या आसपास हा शब्द इंग्रजीत रुळला. एवढा रक्ताने माखलेला शब्द आहे हा, आणि आपण तो दहा टक्के शुल्कवाढीला चिकटवतो!

पुढे त्याचा अर्थ सरकला. परक्याची जहाजं अडकवणं हा एक प्रकार, आणि आपल्याच लोकांची जहाजं बाहेर न सोडणं हा दुसरा. डिसेंबर १८०७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी हा दुसरा प्रकार केला. ब्रिटन आणि फ्रान्स एकमेकांशी लढताना अमेरिकी जहाजांना छळत होते, म्हणून अमेरिकी जहाजांनी परदेशी जायचंच नाही असा कायदा झाला. शिक्षा त्या दोघांना द्यायची होती, पण मेले आपलेच व्यापारी आणि खलाशी. अमेरिकेची निर्यात १८०७ मधल्या सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरवरून १८०८ मध्ये सुमारे २ कोटी २० लाखांवर कोसळली. तस्करी बोकाळली. लोक इतके पेटले की त्यांनी ‘एम्बार्गो’ शब्दाचीच इंग्रजी अक्षरं उलटी लावली, ‘ओ ग्रॅब मी’ केलं, म्हणजे ‘मलाच धर’, आणि व्यापाऱ्याला चावणाऱ्या कासवाचं व्यंगचित्र काढलं. मार्च १८०९ मध्ये कायदा गुंडाळावा लागला. आपण बंद केलेल्या दाराची झळ आधी आपल्या घरात बसते, हे त्या लोकांना चटक्याने कळलं होतं. आज ‘एम्बार्गो टाका त्यांच्यावर’ म्हणून ओरडणाऱ्याला यातलं काहीही माहीत नसतं.

आता सगळ्यात संताप आणणारी गल्लत: एम्बार्गो आणि नाकेबंदी. एम्बार्गो म्हणजे मी तुझ्याशी व्यवहार करणार नाही. नाकेबंदी म्हणजे मी दुसऱ्या कुणालाही तुझ्याशी व्यवहार करू देणार नाही, आणि त्यासाठी तोफा रोखून समुद्रात उभा राहीन. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हे पक्कं ठाऊक होतं. क्यूबाशी व्यापार बंद करण्याचा त्यांचा आदेश ७ फेब्रुवारी १९६२ पासून लागू झाला, तो एम्बार्गो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्यूबात आणलेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून त्यांनी क्यूबाभोवती आरमार उभं केलं, ती मात्र नाकेबंदीच होती, पण तो शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला आणि ‘क्वारंटाइन’ म्हटलं. अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस एक शब्द इतका तोलून निवडतो. क्यूबाचं सरकार उलट त्या व्यापारबंदीलाच ‘ब्लोकेओ’, म्हणजे नाकेबंदी म्हणतं, कारण अमेरिकेचे कायदे तिसऱ्या देशांच्या कंपन्यांनाही आडवे येतात असं त्याचं म्हणणं आहे. हे बंद करा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून जवळपास दरवर्षी ठराव येतो. त्याच्या इंग्रजी मसुद्यात शब्द असतो एम्बार्गो, आणि त्याच ठरावाच्या स्पॅनिश मसुद्यात ब्लोकेओ! दोन शब्दांत अख्खं भांडण आहे. आणि आपल्याकडे ते वाचून कुणीतरी दोन्ही ठिकाणी ‘निर्बंध’ लिहून मोकळं होतं.

‘सँक्शन’चं तर बघायलाच नको. कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, आणि देशावर सँक्शन्स लागली म्हणजे दंड झाला. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, म्हणजे इथे तर जास्तच सांभाळून लिहायला हवं. बहिष्कार पुन्हा वेगळा. तो लोक घालतात, सरकार नव्हे. इंग्रजीतला ‘बॉयकॉट’ हा शब्दच १८८० साली आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटला गावाने वाळीत टाकलं तिथून आला.

आणि १९७३! ‘ओपेकने तेलावर बंदी घातली’ हे वाक्य मी पुन्हा वाचलं तर किंचाळेन. ती बंदी ओपेकची, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेची नव्हती, अरब तेल उत्पादक देशांची होती. इराण ओपेकमध्ये होता आणि तो तेल विकतच राहिला. बंदी होती अमेरिका, नेदरलँड्स अशा मोजक्या देशांवर. जगभर तेल महागलं ते मुख्यतः उत्पादन कापल्यामुळे आणि दर वाढवल्यामुळे. हे तीन वेगळे निर्णय होते, पण ‘तेलबंदी’ म्हटलं की तिन्ही एका पोत्यात.

कीस पाडतो म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेचं बघावं. वर्णद्वेषाविरुद्ध भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला होता. सुरक्षा परिषदेने १९६३ च्या ठरावात सगळ्या देशांना तिथे शस्त्रं न विकण्याचं आवाहन केलं. नुसतं आवाहन. काही देशांनी ते ऐकलं, काहींनी विक्री चालू ठेवली, आणि कायद्याने त्यांना कुणी हात लावू शकलं नाही. बंधनकारक शस्त्रबंदी आली ती थेट ४ नोव्हेंबर १९७७ रोजी, ठराव क्रमांक ४१८ ने. मधली चौदा वर्षं त्या राजवटीला बाहेरून हत्यारं मिळत राहिली. ‘१९६३ मध्येच शस्त्रबंदी लागली होती’ असं सरसकट लिहिणारा त्या चौदा वर्षांत हत्यारं विकणाऱ्या प्रत्येकाला फुकटात मोकळं सोडतो, आणि वर मलाच विचारतो, एका शब्दाने काय बिघडतं!