मगाचाच गडी

"मामा, तो सिनेमा तुम्ही नीट पाहिलाच नाही," असे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्याने चारचौघांत ऐकवल्यामुळे काल रात्री मी ख्रिस्तोफर नोलनचा 'टेनेट' पुन्हा लावला. २०२०च्या डिसेंबरात, एक खुर्ची सोडून, तोंडाला मास्क लावून मी तो थिएटरात पाहिला होता; पडद्यावरची माणसेही मास्क लावूनच बोलत असल्यामुळे मला त्यातली फक्त डिंपल कपाडिया समजली होती.

अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरचे आण्णा आमचा डबा परत द्यायला आले आणि 'पाचच मिनिटं' म्हणून सोफ्यावर बसले. आण्णांचे निम्मे आयुष्य खासबाग मैदानात कुस्त्या पाहण्यात गेले आहे. थोड्याच वेळात ऑस्लोच्या विमानतळावर, अरुंद बोळात नायकाची एका मुखवटेवाल्याशी झटापट सुरू झाली. हा गृहस्थ काळात उलटा चालत असल्यामुळे त्याचे पडणे उठल्यासारखे दिसते, हे मी एन्ट्रॉपीसकट समजावू लागलो.

"ते ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "ही दोन माणसं न्हाईत. एकच गडी हाय."

"आण्णा, दोघे दिसताहेत की."

"तोंड झाकलं म्हणून खांदा झाकतोय व्हय? आपल्यासंगंच लढाय लागलाय त्यो."

मी समजूतदारपणे हसलो. आण्णा जांभई देऊन गेले. तासाभराने तीच झटापट दुसऱ्या बाजूने दाखवली आणि मुखवट्याआड नायकच निघाला. पहिल्या खेपेला हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. १५० मिनिटांच्या सिनेमासाठी मी दोनदा रात्र घालवावी, खाली अक्षरे लावून संवाद वाचावेत, आणि डबा द्यायला आलेल्या माणसाने तो खांद्यावरून ओळखावा, याला काय म्हणायचे? शिवाय पात्रांचे बोलणे संगीताखाली गाडून टाकायचे आणि ऐकू आले नाही तर प्रेक्षकालाच मंद ठरवायचे, ही कुठली रीत? तिकिटाचे पैसे घेताना तर सगळे स्पष्ट ऐकू येत होते.

आज सकाळी जिन्यात आण्णा भेटले.

"मग? कोण जिंकलं त्या कुस्तीत?"

त्यांचे बरोबर होते, एवढे सांगण्याचे माझ्या जिवावर आले. "बरोबरीत सुटली," मी म्हणालो.

आण्णांचा चेहरा पडला. "बरोबरीतच सोडवायची, तर तिकीट कशाला लावायचं?"