फरशीवर तीन आठवडे, ढाळावर दहा मिनिटं

घर बांधून दोन वर्षं झाली. राग आता निवलाय, म्हणून लिहिते.

हॉलच्या फरशीवरून आमच्याकडे तीन आठवडे वाद चालला होता. शुभ्र पांढरी की जरा मळखाऊ, चकचकीत की मॅट, दोन बाय दोन की दोन बाय चार. नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि सासूबाई "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणत दोन्ही बाजूंना. भाड्याच्या घरात भिंतीला टेकवून नऊ नमुने उभे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मत विचारायचं आणि ते आपल्या बाजूचं नसलं की "बघू" म्हणायचं.

त्याच तीन आठवड्यांत एका सकाळी बाथरूमचा ढाळ, म्हणजे जमिनीचा उतार, ठरला. मिस्त्रीनं दोरी लावली, दहा मिनिटांत विषय संपला. आज रोज आंघोळीनंतर दाराकडच्या कोपऱ्यात जे पाणी साचून राहतं, ते त्या दहा मिनिटांचं. जाळीच्या दिशेनं मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर उतार हवा, एवढंच गणित आहे. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. पांढऱ्याच्या छटा मात्र नावांसकट पाठ होत्या.

फिनिशिंग म्हटलं की आपल्या डोक्यात रंग येतो, पोत येतो. मलाही तेच यायचं. आता पहिली जाडी येते.

जिन्याचं सांगते. काँक्रीटच्या पायऱ्या भरल्या तेव्हा सगळ्या एकसारख्या, साडेसोळा सेंटिमीटरच्या. मोजलेल्या, मी स्वतः टेप धरली होती. मग हॉलमध्ये फरशी बसली, खालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यासकट सहा सेंटिमीटर. वरच्या मजल्यावरही तेवढीच. पायऱ्यांवर मात्र दगड आणि मसाला मिळून चारच. आता हिशेब करा: सगळ्यात खालची पायरी साडेचौदाची झाली, सगळ्यात वरची साडेअठराची, आणि मधल्या सगळ्या होत्या तशाच. दोन सेंटिमीटर म्हणजे काय, असं वाटतं. पण पायाला ते बरोबर कळतं. जिना चढताना आपण बघत नाही. पहिल्या पायरीचं माप पाय लक्षात ठेवतो आणि पुढे तेच धरून चालतो. म्हणून आमच्याकडे आलेला प्रत्येक माणूस वरच्या टोकाला ठेचकाळतो. आम्ही नाही ठेचकाळत, आम्हाला सवय झाली. सासूबाई तिथे कठडा धरून थांबतात, मग पाय उचलतात.

ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाचा सतराव्या शतकातला नियम आहे: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाय ठेवायची रुंदी, ही बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी. आजही साधारण 60 ते 64 सेंटिमीटर धरतात. आमचा जिना या नियमात चोख बसत होता. कागदावर. फरशी किती जाडीची येणार हे कुणी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं, कारण आमचा रंगच ठरत नव्हता!

"फिनिशिंगचं शेवटी बघू" हे वाक्य म्हणूनच मला आता खटकतं. रंग खुशाल शेवटी बघा. पण कुठे दगड, कुठे टाइल, कुठे लाकूड, आणि प्रत्येकाची मसाल्यासकट जाडी किती, हे स्लॅब आणि जिना भरायच्या आधी कागदावर हवं. दारं खालून तासावी लागतात ती याच्यामुळे, आणि बाथरूमचा उंबरा ऐनवेळी बुटका होतो तोही याच्यामुळेच.

एक गोष्ट मात्र आम्ही बरोबर केली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओटा. सुतारानं ठरलेलं माप सांगितलं. मी म्हटलं, थांबा. रिकाम्या स्वयंपाकघरात विटांची चळत रचली, वर फळी टाकली आणि दोघांनी पाळीपाळीनं उभं राहून कापायचं, ढवळायचं, भांडी घासायचं नाटक केलं. बघणारे हसत होते. हात कोपरात वाकवला की कोपराच्या खाली दहा-पंधरा सेंटिमीटर, तिथे कामाची उंची येते. नवरा उंच, मी नाही, म्हणून मधलं माप धरलं. पण खरा शोध सिंकचा लागला. भांडी घासताना हात ओट्यावर नसतातच, सिंकच्या तळाशी असतात, म्हणजे आणखी वीतभर खाली. म्हणून सिंकचा भाग थोडा उचलून घेतला. दिसायला ती पायरी विचित्र दिसते, पहिल्यांदा बघणारा "हे असं का?" विचारतो. माझी पाठ दुखत नाही, हे त्याचं उत्तर.

आपल्या मापाचं घर बांधतोय म्हणतो ना आपण? मग माप घ्यायला नको? कपडे शिवताना शिंपी टेप लावतो. घर शिवताना आम्ही फोनमधली चित्रं दाखवत होतो, ज्यांच्यात कुणी राहत नाही आणि एकही वायर दिसत नाही.

आता त्या नऊ नमुन्यांबद्दल. दुकानातला उजेड आणि तुमच्या हॉलमधला उजेड यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पिवळसर दिवा 2700-3000 केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप), पांढराशुभ्र 6500 च्या आसपासचा. एकच फरशी पहिल्याखाली सायीसारखी दिसते आणि दुसऱ्याखाली दवाखान्यासारखी. रंगाच्या पुस्तकातली बोटाएवढी पट्टी तर आणखी फसवी. अख्ख्या भिंतीवर तोच रंग अंगावर येतो. आम्ही शेवटी मोठ्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींवर धरून पाहिला. दोन दिवसांत निकाल. त्याआधीचं सगळं नुसतं तोंडाचं वारं होतं.

संगमरवराचं माझं स्वप्न होतं. ते एका मैत्रिणीच्या ओट्यानं मोडलं. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू सांडलं, व्हिनेगर सांडलं की आम्ल त्याला खातं आणि चकाकी उडून फिकट डाग राहतो. तो डाग नसतो खरं तर, ती जखम असते. घासून जात नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं. शिवाय मऊ. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर त्यातलं कॅल्साइट 3 वर, आणि चपलेला चिकटून येणाऱ्या वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर. म्हणजे दारातून आत येणारा प्रत्येक जण फरशीवर काचपेपर फिरवत येतो. ज्यांना झिजलेला, वापरलेला दगड आवडतो त्यांनी जरूर घ्यावा, त्याची शोभा वेगळीच. मला डाग बघून झोप येणार नाही, हे मला माहीत आहे.

हॉलला शेवटी व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल बसली. पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून डाग मुरत नाहीत. मॅट. (नवऱ्याला चकचकीत हवी होती. नोंद असावी.) टाइल घेताना खोक्यावरचा शेडचा आणि लॉटचा नंबर जुळवून घ्या आणि दहाएक टक्के जास्त घ्या. तोच लॉट नंतर मिळत नाही. आमची उरलेली दोन खोकी माळ्यावर आहेत आणि मी त्यांच्याकडे दागिन्यांसारखी बघते.

प्लायवूड, बिजागऱ्या, हँडल यांवर लिहीत नाही. ते सगळे सांगतात आणि ते बदलता येतं.

बदलता येत नाही ते प्लास्टरच्या आत असतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेनं होतं, म्हणून आधी पाणी मारत राहायचं. किमान सात दिवस, मिश्र (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा. आणि मग उलट: भिंत नीट वाळेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही. आम्ही दोन्हीकडे घाई केली. पाणी मारायला माणूस नव्हता, आणि रंगाऱ्याची तारीख ठरलेली होती. पहिल्याच वर्षी पॅसेजच्या भिंतीला खार फुटला, रंगाचे पोपडे सुटले. कोणता रंग होता तो? ज्याच्यावर आम्ही चार रविवार घालवले होते तो.

पाइप आणि वायरिंग भिंतीत गाडायच्या आधी फोटो काढतात, तसे आम्हीही काढले. पण शेजारी टेप धरली नाही. त्यामुळे फोटोत पाइप छान दिसतो, कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते कळत नाही. टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल मारलं तेव्हा कळलं.

मिस्त्रीला मी बरीच नावं ठेवली, घरात आणि बाहेरही. परवा फोनमधलं जुनं काही शोधताना त्या सकाळचा त्याचा मेसेज सापडला: "ताई, बाथरूमचा ढाळ काढतोय, बघून जा. नंतर हलणार नाही." मी उत्तरही दिलं होतं: "तुम्ही करा, आम्ही फरशीच्या दुकानात आहोत."

कोपऱ्यातलं पाणी रोज वायपरनं ओढते. वायपर टाइलला मॅचिंग आहे.