घातलं कुणी, नाव कुणाचं?

दागिने घडवणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं एक स्वप्न असतं. एखादी नामांकित नटी आपलं कानातलं घालून कुठेतरी झळकेल आणि दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी सांभाळताना आपल्या नाकी नऊ येतील. स्टायलिस्टच्या, म्हणजे कलाकारांचे कपडे-दागिने ठरवणाऱ्या व्यक्तीच्या, हाताखाली काही वर्षं काम केल्यामुळे मला हे स्वप्न अर्धवट वाटतं. नटी झळकते, कानातलंही झळकतं. घडवणाऱ्याचं नाव मात्र बऱ्याचदा कुठेच नसतं. मग तुम्ही तो दागिना फुकट उसना दिलात, एवढंच झालं.

दागिने उसने द्यायची पद्धत जुनीच. 1944 च्या ऑस्कर सोहळ्यासाठी हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने जेनिफर जोन्सला हिरे घालायला दिले होते. आज अशा सोहळ्यांच्या लाल गालिच्यावरच्या मोक्याच्या जागा मोठ्या पेढ्यांकडे आधीच गेलेल्या असतात. शोपार ही पेढी 1998 पासून फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाची भागीदार आहे, तिथला मुख्य पुरस्कारसुद्धा तीच घडवते. बऱ्याच मोठ्या तारका कुठल्या ना कुठल्या पेढीशी करारात असतात. मग त्या दुसऱ्याचं काही घालणार कशा? एकट्याने काम करणाऱ्या कारागिराने तिथे धडका मारण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

खरा वाव आहे तो चित्रपटांच्या प्रमोशनच्या दिवसांत. एकाच अभिनेत्रीच्या दिवसात चार मुलाखती, प्रत्येकीला वेगळे कपडे, म्हणजे वेगळे दागिने. गायिकांचे दौरे, म्युझिक व्हिडिओ, लहान मासिकांची मुखपृष्ठं, पहिल्यांदाच पुरस्काराला नामांकन मिळालेली लेखिका... इथे सामान सतत लागतं आणि पेढ्यांचे करार सहसा नसतात.

आणि हे सामान गोळा करते कोण? बहुतेक वेळा स्टायलिस्ट नव्हे, तिची असिस्टंट. रात्री उशिरा ती दहा जणांना एकच मेसेज टाकते: सोनेरी, मोठी, टोकदार कानातली हवीत, उद्या सकाळी शूट. जो आधी उत्तर देतो आणि ज्याचे फोटो स्वच्छ असतात, त्याचं सामान जातं. कलात्मक धुकट फोटो मला कधीच उपयोगी पडले नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा एक, प्रत्यक्ष कानात घातलेला एक, शेजारी लांबी आणि वजन. वजन का, तर दिवसभराच्या शूटमध्ये जड झुमका कान ओढतो आणि दुपारनंतर तो काढून ठेवला जातो. तुमचा दागिना झळकायचा बेत गुंडाळायला तेवढं पुरतं. त्या असिस्टंटशी नीट बोला. थोड्या वर्षांनी तीच स्टायलिस्ट होते आणि वेळेला धावून आलेली माणसं तिच्या लक्षात राहतात.

ऑगस्ट 2020 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिशेल ओबामांनी ऑनलाइन भाषण केलं. गळ्यात नाजूक सोन्याची साखळी, तिच्यावर सुटी-सुटी चार अक्षरं: व्ही, ओ, टी, ई. भाषण चालू असतानाच लोक ते गळ्यातलं कुणाचं म्हणून शोधायला लागले. ते होतं चारी कथबर्ट यांच्या 'बायचारी' या लॉस एंजेलिसमधल्या छोट्या ब्रँडचं. सगळे ओबामांच्या नावाची जादू म्हणतात. मला वेगळंच दिसतं. बातमीदारांना नाव लगेच मिळालं, आणि हवी ती अक्षरं टाकून तशीच साखळी मागवता येत होती. शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत गेला नाही. एकुलता एक नग देऊन बसलेल्याला अशी रात्र उजाडली तरी करता काय येणार होतं?

म्हणून देताना कागद करा. नगांची यादी, प्रत्येकाची किंमत, परत यायची तारीख, हरवलं-तुटलं तर भरपाई कोण देणार, आणि ठळक अक्षरांत क्रेडिट कुठे आणि कसं येणार. छापील मासिकात आणि वेबसाइटवर नाव, स्टायलिस्टच्या आणि शक्य असेल तर कलाकाराच्या पोस्टमध्ये टॅग. विमा असेल तर उसना दिलेला माल त्यात धरला आहे का, हे आधी विचारून घ्या. असा कागद पुढे केला की स्टायलिस्ट रागावेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. नीट काम करणारी स्टायलिस्ट कधीच रागावत नाही. जी रागावते, तिच्याकडून माल परत येतानाही त्रासच होतो. माझा हा नियम बऱ्यापैकी खरा ठरला आहे.

माध्यमांचं गणित निराळं. छापील मासिकं काही महिने पुढचं काम करतात. वर्षअखेरीच्या भेटवस्तूंच्या यादीत यायचं असेल, तर वर्षाच्या मध्यातच संपादिकेला पत्र गेलेलं बरं. आणि ऑनलाइन 'या मोसमातली दहा कानातली' छापाच्या अनेक याद्यांमागे कमिशन असतं. वाचक लिंकवरून खरेदी करतो, टक्का साइटला मिळतो. असं कमिशन देणाऱ्या दुकानात तुमचा माल नसेल, तर संपादिकेला कितीही आवडलं तरी तुमचं नाव मागे पडू शकतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण हे गणित कारागिरांना सहसा कुणी समजावत नाही. शिवाय 'आमचा नवा संग्रह आला' ही संपादिकेच्या दृष्टीने बातमीच नव्हे. एखादं विसरलेलं जडावकाम पुन्हा कसं बसवलं, ते सांगा. महिन्याच्या महिन्याला फी घेणारी पीआर (प्रसिद्धीचं काम बघणारी) संस्था पहिल्या वर्षात लावू नये, असं माझं स्पष्ट मत. ती जी पत्रं पाठवणार, ती तुम्हीच जास्त चांगली लिहाल.

कुणी लगेच पॅरिसच्या जेएआर या जवाहिऱ्याचं उदाहरण देईल. जोएल आर्थर रोझेन्थाल जाहिरात करत नाहीत, आणि तरी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2013 मध्ये त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. खरं आहे. पण त्यांच्याकडे जगभरातून धनाढ्य गिऱ्हाईक चालून येत होतं आणि ते एकमेकांना सांगत होतं. असं गिऱ्हाईक असेल, तर माझी ही पोस्ट तुमच्यासाठी नाही.

बाकीच्यांनी फोटोंबरोबर अंगठ्यांची मापंही पाठवा. बोटात न शिरल्यामुळे डबीतच परत गेलेल्या सुंदर अंगठ्या मी फार पाहिल्या आहेत.