शेजारच्या ताटात काय आहे

आमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा छत्रपती संभाजीनगरात घ्यायचं ठरलं आणि तारीख ठरायच्या आतच मेनूवरून जुंपली. ज्या हॉटेलाचं नाव पुढं आलं, तिथं आता सुशीही मिळते. पुण्यात स्थायिक झालेल्या दोघातिघांना ती हवी आहे. लातूर-निलंग्याकडची मंडळी म्हणतात, कच्चे मासे येणार असतील तर आम्ही त्या टेबलाला बसणार नाही, आमची सोय वेगळ्या खोलीत करा. एकानं तर थेट मलाच विचारलं, "बाई, तू तिकडं कच्चे मासे खायलीस का?" खायलेय की. टोकियोत राहते, आवडीनं खाते. त्याच्या प्रश्नाचा मला राग आला नाही. माझं डोकं अडकलंय ते त्या वेगळ्या खोलीपाशी.

पण आधी माशाचं उरकून घेऊ. सुशी म्हणजे कच्चा मासा ही आपल्याकडची पक्की समजूत. खरं तर सुशीला भात लागतो, व्हिनेगर, साखर, मीठ घातलेला. भाताशिवाय नुसते माशाचे काप आले तर ती साशिमी. नुसत्या काकडीची सुशी असते, आंबवलेल्या सोयाबीनची असते, तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भात भरलेलीही असते. मूळचा प्रकार तर निराळाच: मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दडपून महिनोन्महिने आंबवायचा. शिगा प्रांतात बिवा सरोवराच्या काठी तो अजून करतात. त्याचा वास असा की माझ्या ऑफिसातले जपानी लोकही नाक धरतात. आज सगळीकडं दिसते ती बोटाएवढी सुशी एकोणिसाव्या शतकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर आली. घाईतल्या माणसानं उभ्या उभ्या हातानं खायची आणि चालू लागायचं. १९५८ साली ओसाकाजवळ एकानं ती फिरत्या पट्ट्यावर ठेवली आणि ती आणखी स्वस्त झाली. आजही अशा दुकानात दोन तुकड्यांची ताटली सव्वाशे-दीडशे येनपासून मिळते. आपल्याकडं तिला काळ्या दगडी पाटीवर मांडून भलत्या किमतीला विकतात, म्हणून खाणारा उगाच ताठतो आणि न खाणारा उगाच चिडतो.

राहिली किळस. जपानी माणसं पूर्वी सॅमन कच्चा खात नसत. त्यांच्याकडच्या सॅमनमध्ये परजीवी असायचे, म्हणून तो खारवून, भाजूनच खायचा. १९८०च्या दशकात नॉर्वेवाले आपला मत्स्यशेतीतला सॅमन घेऊन आले, तेव्हा 'सॅमन आणि तोही कच्चा?' म्हणून इथल्या लोकांनी तोंडं वाकडी केली होती. आज पट्ट्यावरच्या सुशीत लेकरं पहिला हात घालतात तो सॅमनला. तेव्हा माझ्या मित्राला कच्च्या माशाची शिसारी येते यात हसण्यासारखं काही नाही. उलट संभाजीनगरात सुशी मागवणाऱ्यांनाच मी सांगेन, जरा जपून. परजीवी मरावेत म्हणून मासा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवा, असा सल्ला जपानात सरकार देतं. समुद्रापासून तीनशे किलोमीटरवर, दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात ती गोठवणीची साखळी कुणी, किती सांभाळली हे ताटलीकडं बघून कळत नाही. तिथं काकडीची सुशी खा. आणि नवं काही करायच्या नादात जायकवाडीचा मासा कुणी कच्चा वाढू नका. गोड्या पाण्यातला मासा जपानातलेही लोक सहसा कच्चा खात नाहीत.

आता ती खोली.

आमची आजी माळकरी. आजोबा आणि काका मटण खाणारे. घरात मटण शिजत नसे; अंगणात तीन दगडांची चूल, तिथलं पातेलं वेगळं, पळी वेगळी. रस्सा बाहेर रटरटायचा आणि त्यासाठी लागणाऱ्या भाकरी आजीच थापून द्यायची. खाणाऱ्यांना ती कधी बोलली नाही, त्यांनीही तिला चव बघ म्हणून छेडलं नाही. जेवताना ती तिथंच बसायची, थोडी अंतरावर, वरणभाकरी खात, कुणाला काय हवं नको बघत. खाण्यातला फरक कसा सांभाळायचा याचं मी पाहिलेलं सगळ्यात शहाणं उदाहरण हे, आणि ते टोकियोतलं नाही.

मात्र त्याच अंगणाच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एक कप उपडा असायचा. सालगड्याचा. त्याला मटण मिळायचं, चहा मिळायचा, भाकरीही आजीच्याच हातची मिळायची. बसायचं मात्र गोठ्याच्या बाजूला आणि कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायचा. तो काय खातो यावर कुणाचा आक्षेप नव्हता, कारण तो आम्ही खायचो तेच खायचा. वेगळ्या पातेल्याला आणि वेगळ्या कपाला आम्ही घरात एकच नाव द्यायचो, सोवळं. पहिल्यात आजीनं स्वतःपुरती ओढलेली रेघ होती. दुसरी रेघ आम्ही त्या माणसाभोवती ओढलेली होती.

म्हणून मेळाव्यात कुणी 'माझं ताट वेगळं' म्हटलं की मी मान डोलावते आणि 'आमची खोली वेगळी' म्हटलं की मला तो कोनाडा दिसतो. मित्रांच्या मनात तसं काही नसेलही. पण आमच्या भागात वेगळं बसण्याला इतिहास आहे आणि तो सांगायला फार मागं जावं लागत नाही. पैठणला एकनाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढलं आणि ब्राह्मणांनी त्यांना वाळीत टाकलं, ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. कीर्तन संपल्यावर सप्ताहाची पंगत बसते. पुरी, बुंदी, वांग्याची भाजी, द्रोणात येसर आमटी. कोण कुठल्या टोकाला बसलंय हे गावातलं शेंबडं पोर सांगू शकायचं. आता बरंच बदललंय, हे खरं. बुफे आल्यापासून कोण कुणाशेजारी बसलंय हे बघायची सोयच उरली नाही. पंगतीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी बुफेचं हे एक पुण्य मोजायला हरकत नाही.

आणि वेळ अमावस्या आहेच. मार्गशीर्षातली अमावास्या, लातूर-धाराशिव ओस पडून शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात आग्रहाचं बोलावणं. इथं जपानी मित्रांना मी मराठवाड्याची ओळख करून देते ती याच दिवसानं, कोनाड्यानं नाही. माणूस परदेशात गेला की आपल्या गावाचं निवडक सांगतो.

जपानी लोकांचं एकत्र खाणं वेगळ्या तऱ्हेचं. मधे ताटल्या येतात, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं, पण घ्यायला वेगळ्या काड्या असतात. आपल्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तसं करून उचलतात. ताटलीत शेवटचा एक तुकडा उरतो आणि सगळे त्याच्याकडं न बघितल्यासारखं करतात. आग्रह नावाची वस्तू नाही, 'अजून एक घ्याच' नाही. पहिली काही वर्षं मला यात फार कोरडेपणा वाटायचा. आता, खरं सांगू का, सुटीत घरी आल्यावर चौथी पुरणपोळी पानात पडते तेव्हा मला त्या कोरडेपणाची आठवण येते.

माझ्या मुलीच्या शाळेत मात्र मी बघत राहिले. दुपारचं जेवण वर्गातच. पांढरा एप्रन घालून मुलंच एकमेकांना वाढतात, शिक्षक तेच जेवण मुलांबरोबर बसून जेवतात. महिन्याचा तक्ता आधी घरी येतो. मांस चालत नाही अशा आमच्या निशी-कासाईतल्या, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीतल्या, काही मुलांना त्या दिवशी घरून डबा द्यावा लागतो. बसतात सगळी एकाच वर्गात, आपापल्या बाकावर. आपल्याकडं नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, नको त्याला केळं. एका वर्गात अंडं आणि केळं शेजारी बसू शकली असती. त्याऐवजी अंडं द्यावं की नाही यावरच रणं माजली आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा सरकारी निधीच थांबला. ज्यांना अंडं नको होतं त्यांच्यावर त्याची सक्ती आधीही नव्हती. गेलं ते ज्या लेकरांच्या घरी अंडं परवडत नाही त्यांचं.

म्हणजे जपान्यांचं सगळं बरोबर असं मुळीच नाही. माशाचा अर्क इथं सूपात, भाजीत, सॉसमध्ये, सगळीकडं असतो आणि वाढणाऱ्याला त्यात मांसाहार दिसतच नाही. 'मासा नाही यात' असं हसतमुखानं सांगून तोच वाडगा पुढं करतात. ऑफिसच्या पार्टीत सगळ्यांना ठरलेला कोर्स आणि बिलाचे समान भाग, माणशी ४,००० ते ५,००० येन. आमच्यातला एक परभणीचा मुलगा शाकाहारी आणि निर्व्यसनी. तो उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा आणि बटाट्याच्या फोडींवर संध्याकाळ काढतो आणि शेजारच्याच्या साशिमी-बिअरचे पैसे भरून घरी जाऊन खिचडी लावतो. त्याला टेबलावरून कुणी उठवत नाही, पण त्याच्या पानाचा विचारही कुणी करत नाही. दारू न पिणाऱ्यांकडून कमी पैसे घ्यायची पद्धत इथं काही ठिकाणी आहे, मग मासे न खाणाऱ्यानं काय घोडं मारलंय? पुढच्या पार्टीची व्यवस्था माझ्याकडं आहे. त्याचा वाटा मी २,००० येन धरलाय, आणि बाकीच्यांनी का म्हणून विचारलं तर आकडे मांडून सांगणार आहे.