चिंचेने घासलेला रुपया

इंदूरमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं की जरूर जा. फक्त तयारी आदल्या रात्रीपासून करा.

देवघरात आजीच्या वेळचा एक रुपया असेल, लक्ष्मीपूजनाला ताम्हनात येतो तो. एका बाजूला शिवलिंग आणि बेलाचं पान, अक्षरं मात्र फारसी. म्हणजे महेश्वरच्या टांकसाळीचा होळकरी रुपया. राज्य होळकरांचं, चिन्ह महादेवाचं आणि नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं! हे घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर समजावायला जाल तर दिवाळीपर्यंत भांडण पुरेल, तेव्हा त्या फंदात पडू नका. तो काळा पडलाय, एवढंच बघा. चिंच, मीठ आणि जुना टूथब्रश घ्या. बेलाच्या पानाच्या शिरा दिसेनाशा होईपर्यंत घासा. देवाची भांडी आपण काळी ठेवतो का?

सकाळी पोहे-जिलबी खाऊन थेट हॉलवर. हात धुऊ नका, पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याने आणि शेवेच्या तेलाने पकड छान बसते. तिथली मंडळी नाणं दोन बोटांत, कडेने धरतात, विंचवाची नांगी धरावी तसं. तुम्ही अंगठा थेट राजाच्या गालावर टेका.

पहिल्याच टेबलावर खिशातलं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं काढा आणि दबक्या आवाजात विचारा, 'याचे दहा लाख येतात ना?' विक्रेता म्हणेल, 'भिया, पाँच रुपये.' तो लबाड आहे, हे तिथेच ओळखा. 'आमच्या नावाने जुन्या नाण्या-नोटांचे सौदे करून कमिशन मागणाऱ्यांना भुलू नका,' असं रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली जाहीर सांगितलं होतं. पण मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस कोट घालून बोलत होता, त्याचं काय?

वजनकाटा, भिंग असली लटांबरं नेऊ नका. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा असतो, हे माहीत असलं की खरेदीचा सगळा आनंद जातो. लोहचुंबक तर नकोच. १९४७ चा रुपया निकेलचा, चुंबकाला चिकटणारा. त्याला चांदीचा म्हणून दोन हजार मोजायची तुमची इच्छा असेल, तर चुंबकाने मध्ये का पडावं? १९३९ चा रुपया स्वस्तात दिसला तर दोन घ्या. तो जितका दुर्मिळ, तितकाच स्वस्तात सापडतो. आणि बाहेर चादरीवर रामदरबार कोरलेलं, '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी' असं नाणं असेलच. कंपनीने असलं काही कधी पाडलंच नाही, असं एखादा चष्मेवाला म्हातारा सांगेल. त्याच्या श्रद्धेबद्दल शंका घ्या आणि पुढे चला.

कोपऱ्यात मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्याच टांकसाळीचा, सूर्याचा चेहरा असलेला रुपया मांडलेला असतो. त्याच्यापाशी थांबू नका, सूर्याच्या किरणांत वेळ जातो. (मी अर्धा तास थांबलो होतो, हे कुणाला सांगू नका.)

आता शेवटचं काम. आपला चकचकीत रुपया रुबाबात टेबलावर ठेवा. विक्रेता भिंग लावेल. मग भिंग बाजूला ठेवेल. काही न बोलता रुपया काट्यावर ठेवेल आणि विचारेल, 'चांदी का भाव लगा दूँ?'

इथे रागावायचं असतं. रुपया रुमालात गुंडाळायचा, 'याला काय कळतंय' असं शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत पुटपुटायचं आणि सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन रात्री घरी यायचं. किंमत विचारली की 'अमूल्य आहे म्हणाले' असं ठोकून द्यायचं. मी तेच केलं.

आईने रुपया तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाली, ''बदलला रे तुझा कुणीतरी. आपला काळा होता.''