नारिंगी जर्सीचं खापर नेमकं कुणाच्या माथी?

भारत-इंग्लंड सामना जवळ आला की एक जुना फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये केंद्र सरकारने टीम इंडियाला भगवी जर्सी घालायला लावली. आयसीसीचा, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेचा, नियम ही नुसती सबब. इंग्लंडने आपला निळा सोडला नाही, जगातलं सगळ्यात श्रीमंत बोर्ड मात्र मुकाट झुकलं. आणि त्या जर्सीच्या पायगुणाने आपली विजयी घोडदौड थांबली.

दाव्यातला काही भाग खोटा, काही अर्धवट आणि एक चक्क हास्यास्पद आहे. सगळ्यांना एकाच काठीने हाकता येत नाही, म्हणून एकेक बघू.

आधी ती ‘सबब’. आयसीसीच्या ज्या स्पर्धा टीव्हीवर दाखवल्या जातात, त्यांत संघांनी दोन वेगळ्या रंगांचे पोशाख तयार ठेवायचे, असा नियम होता. सूट फक्त यजमानाला, त्याचा रंग कायम. २०१९ चे यजमान इंग्लंड आणि त्यांचा रंग निळा. ३० जूनला एजबॅस्टनवर त्यांच्यासमोर उतरताना रंग बदलायचा होता तो आपल्यालाच. हा नियम काही आपल्यासाठी रातोरात शिजवलेला नव्हता. २ जूनला ओव्हलवर बांगलादेशाविरुद्ध दक्षिण आफ्रिका पिवळ्या जर्सीत खेळली, कारण दोघांचाही नेहमीचा रंग हिरवा. श्रीलंकेने २१ जूनला लीड्सवर इंग्लंडला २० धावांनी हरवलं तेही पिवळ्यातच. त्या पिवळ्यावरून कुणाची झोप उडाली नाही. उलट अफगाणिस्तान आणि श्रीलंका या निळ्या संघांशी खेळताना आपण निळेच राहिलो. संपूर्ण स्पर्धेत आपला रंग बदलला तो एका सामन्यात.

‘पण गरजच काय होती?’ हा उपप्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. फुटबॉलमध्ये गरज उघड आहे. १९७८ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे फ्रान्स आणि हंगेरी समोरासमोर आले. त्या काळी कित्येक घरांत टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. फ्रान्सचा निळा आणि हंगेरीचा लाल पडद्यावर सारखेच काळपट दिसणार, म्हणून एकाने पांढरं घालावं असं ठरलं. निरोपांचा असा काही घोळ झाला की दोन्ही संघ पांढरेच शर्ट घेऊन हजर! शेवटी गावातल्या किम्बर्ली नावाच्या क्लबकडून हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे शर्ट मागवले. सामना उशिरा सुरू झाला. उसन्या शर्टांवरचे नंबर जुळेनात, त्यामुळे काही फ्रेंच खेळाडूंच्या पाठीवर एक आकडा आणि चड्डीवर दुसराच. त्या अवतारात फ्रान्स ३-१ ने जिंकला. परक्या मुलुखात खेळायला जाताना दुसरा जोड बरोबर लागतो तो असल्या फजितीपायी.

क्रिकेटमध्ये कोणी कोणाला पास देत नाही. हेल्मेट-पॅड चढवलेले दोन फलंदाज कुठले आणि उरलेले अकरा कुठले, हे शेंबडं पोरही सांगेल. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल झाली तेव्हा भारतही निळा होता आणि श्रीलंकाही निळी. धोनीचा तो षटकार कुणाच्या खात्यात मांडायचा याबद्दल स्कोअररला क्षणभरही शंका आली नाही. त्यामुळे नियमाचं मूळ खेळाच्या गरजेपेक्षा टीव्हीच्या सोयीत आहे, आणि दुसरी जर्सी दुकानात विकता येते हा वरचा मलिदा, असं माझं मत. नियमाला बिनकामाचा म्हणा, माझी हरकत नाही. पण तो होता, आणि इतरांनाही लागू होता.

इंग्लंड का नाही झुकलं, याचं उत्तर त्यातच आलं: घर त्यांचं. १९५८ च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलला स्वीडन यजमान होता आणि स्वीडन-ब्राझील दोघेही पिवळे. ब्राझीलने निळे शर्ट मिळवून त्यांवर आपली बोधचिन्हं शिवून घेतली आणि सामना ५-२ ने मारला. ब्राझील झुकला असं कुणी म्हटल्याचं ऐकलं आहे?

आता मुख्य आरोप, सरकारचा. याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. सामन्याच्या चार दिवस आधी, २६ जूनला, समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी यांनी जर्सीवर आक्षेप घेतला. मोदींना सगळा देश भगवा करायचा आहे, रंग द्यायचाच तर तिरंग्याचे द्या, असा त्यांचा सूर होता. काँग्रेसचे नसीम खानही त्यात उतरले. तेव्हा राज्याचं पावसाळी अधिवेशन चालू होतं आणि विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर आली होती, हे आपलं जाता जाता.

त्या वेळी क्रिकेट बोर्ड कुणाच्या हातात होतं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यांनी तपासलेलंच दिसत नाही. जून २०१९ मध्ये बीसीसीआयचा कारभार सुप्रीम कोर्टाने नेमलेली प्रशासकांची समिती बघत होती. माजी कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, विनोद राय अध्यक्ष, आपल्या मुंबईच्या डायना एडुलजी सदस्य. सौरव गांगुली अध्यक्ष आणि अमित शहांचे चिरंजीव जय शहा सचिव झाले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे वर्ल्ड कप संपून तीन महिने उलटल्यावर. तरीही फॉरवर्डच्या काही आवृत्त्यांत ‘शहांच्या बोर्डाने’ असं छातीठोकपणे लिहिलेलं असतं.

रंगाचे पर्याय डिझायनरांनी दिले आणि त्यांतून बोर्डाने निवड केली, असं आयसीसीच्या गोटातून तेव्हाच सांगितलं गेलं. नारिंगी आभाळातून पडला नव्हता. त्याच वर्षीच्या निळ्या जर्सीवर छातीवरचं ‘इंडिया’ नारिंगी अक्षरांत होतं. नव्या जर्सीत पुढचा भाग गडद निळा, पाठ आणि बाह्या नारिंगी. सरकारी आदेशाचा एखादा कागद आजवर कुणी दाखवलेला नाही.

इथे बोर्डाचीही एक चूक मांडायला हवी. रंग बदलणं सक्तीचं होतं, नारिंगी सक्तीचा नव्हता. हाच रंग का निवडला, हे बोर्डाने वेळेवर आणि उघडपणे सांगायला हवं होतं. जूनभर अफवा चालल्या आणि जर्सी अधिकृतपणे लोकांसमोर आली ती २८ तारखेला. एवढा वेळ मैदान मोकळं ठेवल्यावर दुसरं काय होणार? विराट कोहलीने मात्र पत्रकारांसमोर दहापैकी आठ गुण देऊन टाकले आणि एका सामन्यापुरता बदल ठीक आहे, आपला रंग निळाच, असंही सांगितलं.

राहिला पायगुण. जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्तींनी सामन्यानंतर ट्विट केलं होतं, अंधश्रद्धाळू म्हणा हवं तर, पण घोडदौड जर्सीनेच थांबवली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! इंग्लंडने ७ बाद ३३७ केल्या. बेअरस्टोच्या १११, त्याची आणि रॉयची सलामी १६० ची. आपण पहिल्या दहा षटकांत १ बाद २८ वर रेंगाळलो. रोहितने शतक ठोकलं, शमीने त्याच जर्सीत पाच बळी घेतले. हार्दिक बाद झाला तेव्हा ३१ चेंडूंत ७१ हव्या होत्या आणि खेळपट्टीवर धोनी आणि पुण्याचा केदार जाधव. एकेरी धावा काढत दोघांनी ३९ जमवल्या. संपूर्ण डावातला आपला एकमेव षटकार शेवटच्या षटकात आला. ३१ धावांनी हरलो. याचा हिशेब बाह्यांच्या रंगाकडे मागायचा असेल तर मँचेस्टरच्या सेमीफायनलचा कुणाकडे मागणार? न्यूझीलंडपुढे २४० चा पाठलाग करताना १८ धावांनी हरलो तेव्हा अंगात निळीच जर्सी होती.

२०२३ मध्ये वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा याच शिळ्या कढीला पुन्हा ऊत आला. अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध भारत नारिंगी जर्सीत उतरणार, अशी बातमी पसरली. बोर्डाचे खजिनदार आशिष शेलार यांनी ती साफ फेटाळली. यजमान आपण, मग बदलायचं कशाला? १४ ऑक्टोबरला संघ निळ्यातच खेळला आणि ७ गडी राखून जिंकला. सरावाची जर्सी मात्र तेव्हा नारिंगी होती, आणि त्यावरून ममता बॅनर्जींनी नोव्हेंबरमध्ये तोफ डागली. तिथे आयसीसीचा नियम नव्हता, यजमानाचा अडसर नव्हता आणि कोर्टाची समितीही केव्हाच गेली होती. बोर्डाला रंगाचा जाब विचारायचाच असेल, तर त्या जर्सीबद्दल विचारा.